आधी पुसा, मग बुडवा

विद्यार्थी मित्रांनो, भजी तळताना ओला झारा कढईत घालू नये, हे तुम्ही घरी ऐकले असेल. प्रयोगशाळेतही अशी एक कढई असते. तिला ‘ऑइल बाथ’ म्हणतात. टाकीत सिलिकोन तेल, ते तापवणारा हीटर, फिरते ठेवणारी ढवळणी आणि तापमान स्थिर राखणारा नियंत्रक, असा हा संच. त्यात खात्रीचा प्रमाण तापमापक आणि आपला तापमापक शेजारी शेजारी बुडवून दोन्हींची वाचने ताडून पाहणे, याला अंशशोधन म्हणतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने धातूच्या नळीतला तापमापक बर्फातून काढला आणि न पुसताच १५० अंश सेल्सिअसच्या तेलात घातला. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १६०० पट होते. तापलेल्या तेलात हे क्षणार्धात घडते. तेल उडाले आणि मुलाचे मनगट भाजले. त्याचा हात बराच वेळ नळाखाली धरला. नंतर त्याची वही पाहिली, तर बर्फातले वाचनही आकडा स्थिर होण्यापूर्वीच टिपलेले! एकाच घाईने हात भाजला आणि मोजमापही चुकले.

सुरक्षिततेचे नियम भिंतीवर आणि अचूकतेचे नियम वहीत, अशी आपण विभागणी करतो. माझ्या मते ती चुकीची आहे. तेलाची पातळीच पाहा. १० लिटर सिलिकोन तेल २५ अंशांपासून १७५ अंशांपर्यंत तापवले, तर ते सुमारे दीड लिटरने वाढते. थंड असताना टाकी काठोकाठ भरली, तर ते उतू जाईल. फार कमी भरली, तर हीटर उघडा पडेल आणि तापमापक पुरेसा न बुडाल्याने वाचन कमी येईल. ढवळणी बंद पडली, तर हीटरजवळचे तेल फाजील तापेल आणि टाकीत जागोजागी तापमान वेगळे असेल. म्हणजे नियम एकच, रक्षण दोन गोष्टींचे.

काही नियम मात्र निव्वळ जिवासाठी असतात. तेलाची वाफ पेट घेऊ शकेल त्या तापमानाच्या पुष्कळ खालीच काम करावे. नियंत्रक बिघडल्यास वीज तोडणारे स्वतंत्र साधन असावे. चालू बाथ सोडून जाऊ नये आणि गरम तेल कधीही ओतून काढू नये.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की शाळेत तेल वापरू नका. त्याची गरजही नाही. कुटलेला बर्फ आणि थोडे स्वच्छ पाणी यांच्या मिश्रणात ० अंश मिळतो. उकळत्या पाण्याला मात्र सर्वत्र १०० अंश समजू नका. हवेचा दाब कमी असल्याने पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते, महाबळेश्वरला त्याहूनही आधी. वर्षातून एकदा शाळेतले सारे तापमापक बर्फाच्या एकाच भांड्यात बुडवा आणि कोणता किती चुकतो, ते चिठ्ठीवर लिहून त्याला बांधा. हे काम मुलांकडूनच करवून घ्या.

आणि मित्रांनो, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. तापमापक बाहेर काढला, की पुसा. ही सवय आज बर्फाच्या भांड्याशी लागली, तर उद्या तेलाच्या टाकीपाशी ती तुमचा हात राखील.