पेपर कुणाचा, बातमी कुणाची?



रविवारी विहारात वंदना आटोपली की आमच्या भिवंडीत मंडळी लगेच उठत नाहीत. रातपाळी करून आलेला लूमवाला डोळे चोळत भिंतीला टेकतो, बाया-बापड्या मुलांना घेऊन सतरंजीच्या कडेला बसतात, कुणीतरी चहाला पाठवतो. पूर्वी अशा वेळी एखादा शिकलेला मुलगा साप्ताहिक मोठ्याने वाचून दाखवी आणि बाकीचे ऐकत. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही महाराष्ट्रात काय चालले आहे ते कळे. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. कुणी तो पुढे करतो आणि म्हणतो, "हे बघा, काय झालंय!" आम्ही विचारतो, हे लिहिले कुणी? कुठल्या गावचे? कधीचे? कुणालाच सांगता येत नाही. "आलंय ना मोबाईलवर" एवढेच उत्तर मिळते.

बातमी कुणाची, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी तो शंभर वर्षांपूर्वीच विचारला होता. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याच्या पहिल्याच अग्रलेखात त्यांनी सांगितले की मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रे आपापल्या जातीचे हित पाहतात, इतरांची त्यांना पर्वा नसते. 'मूकनायक' निघणार ही जाहिरात 'केसरी'ने पैसे घेऊनसुद्धा छापायला नकार दिला होता. म्हणजे आमची बातमी तर सोडाच, आमची विकतची जाहिरातही त्यांना चालत नव्हती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि पाक्षिक उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते, पण पत्रामागचा विचार बाबासाहेबांचाच होता.

त्यांच्याआधीही आपली माणसे गप्प नव्हती. गोपाळबाबा वलंगकरांनी लेखणी चालवली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यात 'सोमवंशीय मित्र' काढले. नागपुरात किसन फागू बनसोडे यांनी एकामागून एक पत्रे चालवली. घरात दोन वेळची चूल पेटण्याची मारामार आणि ही माणसे छापखान्याचे बिल भरत होती. हौस म्हणून कोणी असे करत नाही.

आपले पत्र नसले तर काय होते, हे महाडने दाखवले. २० मार्च १९२७ रोजी आपल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. पाणी पिऊन मंडळी परतत होती तोच गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. असे काही ठरलेच नव्हते. पण त्या एका खोट्या आवईवर लाठ्या निघाल्या आणि परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या माणसांची डोकी फुटली. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक आला आणि महाडला खरे काय घडले ते आपल्या माणसांनी आपल्या शब्दांत मांडले. तळे कसे 'शुद्ध' करून घेतले, तेही लिहिले. ते पत्र नसते तर मार खाणाराच गुन्हेगार ठरला असता.

मात्र याच 'बहिष्कृत भारत'ची दुसरी बाजू सांगताना आम्हाला संकोच वाटतो. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकट्याने लिहीत होते. मदतीला पगारी माणूस ठेवण्याइतके पैसे नव्हते. वर्गणी थकत होती. लोकांच्या या ऋणाची आठवण त्यांना स्वतःच्या लेखणीने करून द्यावी लागली. शेवटी नोव्हेंबर १९२९ मध्ये पत्र बंद पडले. पुन्हा वर्षभराने, २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' निघाली आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून तिचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. बंद पडले तरी पुन्हा काढायचे, हा त्यांचा हट्ट. पण बंद का पडले, याचा हिशोब आपणच आपल्याशी करायला हवा.

हे जुने झाले, असे कुणी म्हणेल. मग खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मुंबईच्या मोठ्या पेपरांत ती खऱ्या रूपात यायला कित्येक आठवडे लागले. आधी आली ती चारित्र्याच्या कुजबुजीसारखी. आपल्या कार्यकर्त्यांनी गावात जाऊन चौकशी केली, लहान पत्रांतून, पत्रकांतून लिहिले, तेव्हा राज्याला जाग आली.

आवईची किंमत आम्हा भिवंडीकरांना कुणी शिकवायला नको. मे १९७०ची दंगल आणि मे १९८४ची दंगल ज्यांनी पाहिली, ती माणसे अजून या गल्ल्यांतून आहेत. १९७०च्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादोन आयोगाने केली. तिच्यात भिवंडी आणि जळगावबरोबर महाडचेही नाव होते. पण याच शहराने एक चांगला धडाही दिला आहे. १९८४ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने इथे मोहल्ला समित्या झाल्या. वेगवेगळ्या धर्माचे शेजारी एकत्र बसत, ऐकलेली गोष्ट खरी की खोटी ते समोरासमोर विचारून घेत. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. आमच्या मते तीही एक प्रकारची पत्रकारिताच होती. कागद नव्हता, शाई नव्हती, पण पारख होती.

आता थोडे दूरचे. आपल्या काही घरांतली मुले शिकून कॅनडापर्यंत पोचली आहेत. आई-वडिलांना वाटते, सुटला बाबा एकदाचा जातीच्या कचाट्यातून. पण जात माणसाबरोबर विमानातून जाते. आडनाव विचारणे तिथेही चालते. तिथल्या आंबेडकरी मंडळींनी हे आपल्या तोंडाने सांगितले, लिहिले, सभांतून मांडले. कॅनडाच्या एखाद्या मोठ्या पेपराने आपणहून यावे याची वाट पाहिली नाही. त्यातूनच बर्नबी शहराने २०२० साली १४ एप्रिल हा बाबासाहेबांच्या नावाने समतेचा दिवस जाहीर केला. मार्च २०२३ मध्ये टोरोंटोच्या शालेय मंडळाने जातीय भेदभावाच्या प्रश्नावर ठराव केला. त्याच वर्षी ओंटारिओ प्रांताच्या मानवाधिकार आयोगाने जातीवरून होणारा भेदभाव आपल्या कायद्याच्या कक्षेत येतो, असे स्पष्ट केले. परळमधून निघालेल्या पाक्षिकाचा वारसा असा सातासमुद्रापार कामी आला.

मग आपल्या घरी काय? खरे बोलायचे तर दोष फक्त मनुवादी पत्रांचा नाही. आपलीही पत्रे अनेकदा नेत्यांच्या फोटोंनी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांनी भरलेली असतात. बारा तासांच्या पाळीची, मजुरीच्या थकबाकीची, वस्तीतल्या संडासाची, मुलीच्या अडलेल्या शिष्यवृत्तीची बातमी कोपऱ्यात जाते किंवा जातच नाही. आपल्या गटाच्या पुढाऱ्यावर टीका आली की अंक परत पाठवणारे वाचकही आम्ही पाहिले आहेत. १९४३ साली पुण्याच्या भाषणात बाबासाहेबांनी खंत व्यक्त केली होती की वृत्तपत्र हे व्रत न राहता साबण काढण्यासारखा धंदा झाले आहे. ती खंत दुसऱ्यांपुरतीच होती, असे समजून आपण सुटू नये. जे पत्र आपल्या माणसाची चूक सांगू शकत नाही, ते स्वतंत्र कसले?

म्हणून घराघरांत चार गोष्टी पाळाव्यात, अशी आमची विनंती आहे.

पहिली, मोबाईलवर आलेली बातमी पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारावेत: कुठे, कधी, कुणी पाहिले, कागद काय आहे? उत्तर मिळाले नाही तर हात आवरावा. कालामांना भगवान बुद्धांनी हेच सांगितले होते. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून स्वीकारू नका. स्वतः तपासून पाहा.

दुसरी, ताई-माईंनी लिहावे. रेशन दुकानात काय घडले, दवाखान्यात काय उत्तर मिळाले, हे ज्या बाईने सोसले तिच्याइतके नेमके कोण लिहिणार? शुद्धलेखनाची भीती नको. ते पाहायला संपादक बसलेला आहे. तारीख, ठिकाण आणि घडलेली गोष्ट, एवढे पुरे.

तिसरी, आठवड्यातून एकदा घरातल्या शाळकरी मुलाने किंवा मुलीने पेपर मोठ्याने वाचावा आणि आजीने प्रश्न विचारावेत. मुलाचे वाचन सुधारते, आजीला जग कळते, आणि शिकलेला लेक बिनशिकलेल्या माणसाचा मान राखायला शिकतो.

चौथी, आपल्या पत्राची वर्गणी थकवू नये. मोबाईलचा रिचार्ज संपला की आपण त्याच दिवशी भरतो. वर्गणी संपल्याची चिठ्ठी मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचली जाते. ज्याच्या पैशावर पत्र चालते, त्याचेच ते ऐकते. आपण पैसे दिले नाहीत तर जाहिरातदार देईल, पुढारी देईल, आणि मग बातमी त्याची होईल.

येत्या ३१ जानेवारीला 'मूकनायक'चा दिवस आहे. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालाच. पण त्या दिवशी आपल्या घरातून एक पत्र संपादकांच्या नावे जाऊ द्या. चार ओळींचे असले तरी चालेल. मुक्याला वाचा मिळाली, ती पुन्हा जाऊ नये एवढेच आमचे मागणे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!