कृषी महाविद्यालयातला फेरफार

मे महिना सरत आला की आमच्या कचेरीत एक छोटी बातमी हमखास येऊन पडते. कृषी महाविद्यालयातील अमुक प्राध्यापक सेवानिवृत्त झाले, शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार झाला, तमुक विभागप्रमुखांची बदली झाली, त्यांचा कार्यभार तिसऱ्या एका सरांकडे सोपविण्यात आला. चार ओळी आणि एक फोटो. वाचक तिच्यावर ओझरती नजर टाकतो आणि बाजारभावाच्या चौकटीकडे वळतो. आम्हीही इतकी वर्षे ही बातमी पानाचा कोपरा भरण्यासाठीच छापत आलो, हे कबूल केलेले बरे. पण या चार ओळींचा संबंध थेट शेतकऱ्याच्या तिफणीशी आहे, म्हणून आज त्यावर चार शब्द.

निवृत्तीची तारीख बहुतेक वेळा ३१ मे असते. याचे कारण आपल्या खेड्यातच आहे. जुन्या काळी पोराला शाळेत घालायला नेले की जन्मतारीख बापाला ठाऊक नसे. मग गुरुजी १ जून मांडून मोकळे होत. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला नोकरदार आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे खेड्यातून शिकून प्राध्यापक झालेली, शेतकऱ्याच्या घरातली माणसे ३१ मेला घाऊक निवृत्त होतात. बदल्यांचा हंगामही साधारण हाच. म्हणजे मृग तोंडावर आलेला, बियाण्याची धावपळ सुरू झालेली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात महाविद्यालयातल्या खुर्च्या रिकाम्या होतात.

मराठवाड्याचेच बघा. परभणीच्या विद्यापीठाचा वर्धापनदिन १८ मेला असतो आणि त्या दिवशी तिथे खरीप मेळावा भरतो. बियाण्यासाठी पहाटेपासून रांगा लागतात. मांडवात शास्त्रज्ञ बोलतात. शेतकरी डायरीच्या मागच्या पानावर त्यांचा नंबर लिहून घेतो. त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी ३१ मे उजाडतो. ऑगस्टमध्ये तुरीची पाने पिवळी पडतात, शेतकरी नंबर फिरवतो. पलीकडून उत्तर येते, "दादा, मी तर मे अखेरीला रिटायर झालो." "मग सायेब, आता इचारायचं कुणाला?" "तिथं अजून कुणी आलेलं नाही हो." असा संवाद कोणत्याही तालुक्यात ऐकायला मिळेल. यात त्या साहेबांची चूक नाही. निवृत्त होऊनही ते बिचारे फोन उचलतात आणि जमेल तेवढे सांगतात. प्रश्न त्यांच्या मागे उरलेल्या रिकाम्या खुर्चीचा आहे.

कृषी महाविद्यालय हे इतर महाविद्यालयांसारखे नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. राज्यात राहुरीला १९६८ साली, अकोल्याला १९६९ साली आणि परभणी व दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठे झाली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच छपराखाली असावीत, हा त्यामागचा विचार होता, आणि १९८३ च्या कायद्यानेही तोच कायम ठेवला. त्यामुळे विद्यापीठाच्या घटक महाविद्यालयातला प्राध्यापक सकाळी पोरांना शिकवतो, दुपारी प्रक्षेत्रावर प्रयोगाची झाडे मोजतो आणि रविवारी कुठल्या तरी गावच्या मेळाव्यात माईकपुढे उभा असतो. असा एक माणूस गेला की तीन कामे उघडी पडतात.

त्यातले संशोधनाचे काम सर्वांत नाजूक. एक वाण तयार व्हायला साधारण आठ ते बारा वर्षे लागतात. संकर करायचा, पुढच्या पिढ्या निवडत जायच्या, वेगवेगळ्या जमिनींत चाचण्या घ्यायच्या आणि मग चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत तो मांडायचा. तुरीच्या वांझ रोगाचे उदाहरण घ्या. हा रोग झाला की झाड हिरवेगार दिसते, पण त्याला फुले-शेंगा धरत नाहीत. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राने या रोगाला तोंड देणारा बीएसएमआर ७३६ वाण दिला. अशा वाणाची परीक्षा कशी घेतात? रोगट झाडाचे पान निरोगी रोपाच्या पानाला स्टेपलरने टाचतात. त्यावरचे कोळी नव्या रोपावर जातात, रोग पोचवतात. मग कोणते रोप टिकले आणि कोणते वांझ राहिले, याची नोंद ठेवायची. ओळीमागून ओळ, हंगामामागून हंगाम. ही नोंद वहीत असते आणि त्याहून जास्त त्या माणसाच्या डोळ्यांत असते. वही कपाटात राहते, डोळे मात्र ३१ मेला घरी जातात.

वाण एकदा निघाला म्हणजे काम संपले, असेही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर स्वातंत्र्यापूर्वी निवडलेली मालदांडी ३५-१ ज्वारी आजही रब्बीत पेरली जाते. ती टिकली, कारण दर पिढीत कोणीतरी तिचे मूळ बी शुद्ध राखले. तुरीत मधमाशीमुळे परपरागीकरण होते. म्हणून बीजोत्पादनाचे शेत इतर तुरींपासून लांब ठेवावे लागते आणि भेसळीचे झाड फुलावर येण्याआधी उपटावे लागते. कुठले झाड भेसळीचे हे ओळखायला माणूस लागतो, आणि तो नेमका त्या आठवड्यात रानात असावा लागतो.

आता हिशेब करा. पैदासकार बियाणे म्हणजे पिवळ्या टॅगचे बी, ते शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली तयार होते. पुढच्या वर्षी त्यापासून पांढऱ्या टॅगचे पायाभूत बी होते. त्याच्या पुढच्या वर्षी निळ्या टॅगचे प्रमाणित बी होते. महाबीजच्या किंवा दुसऱ्या कुठल्या पिशवीतून ते तुमच्या हाती येते आणि त्यानंतरच्या मृगात पेरले जाते. पैदासकाराची खुर्ची यंदा रिकामी झाली, तर यंदा काहीच जाणवत नाही. पुढल्या वर्षीही जाणवत नाही. दोन-तीन वर्षांनी बियाणे कमी पडते किंवा शेतात उंच-ठेंगणी झाडे दिसतात. मग आपण दुकानदाराला शिव्या घालतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

किडीरोगांचे तर विचारूच नका. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी मक्यावर आली. २०२२ साली लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली आणि शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. २०२३ साली विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरला. यातले एकही संकट पदभरतीची जाहिरात निघेपर्यंत थांबले नाही. अशा वेळी आपल्या भागाचा कीटकशास्त्रज्ञ, आपल्या भागाचा रोगशास्त्रज्ञ जागेवर असेल तर आठ दिवसांत सल्ला मिळतो. नसेल तर सल्ला कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मिळतो, आणि तो कोणत्या बाटलीचा असतो हे सांगायला नको.

रिकाम्या जागेवर सरकारी तोडगा ठरलेला आहे. त्याचे नाव 'अतिरिक्त कार्यभार'. एका सरांकडे दोन विभाग, कधी त्यात वसतिगृह, कधी प्रक्षेत्रसुद्धा. प्रभारी माणूस सही करू शकतो, पण दहा वर्षांचा कार्यक्रम आखत नाही, कारण उद्या तिथे आपण असू की नसू हे त्याला ठाऊक नसते. शिकवण्याचे तास तासिका तत्त्वावरच्या तरुणांकडून भागवले जातात. हे तरुण हुशार असतात, राबतात, पण मार्चनंतर त्यांचा भरवसा राहत नाही. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांत रिक्त पदांचा हा प्रश्न जुना आहे. विद्यापीठ म्हणते, भरतीची परवानगी शासनाने द्यावी. शासन म्हणते, वित्त विभागाचा अभिप्राय यावा. फाइल फिरत राहते. नावाच्या पाट्या मात्र भराभर बदलतात. तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी झाले, कृषी सहायकाचे सहायक कृषी अधिकारी झाले. नाव बदलायला हरकत नाही. पाटीमागच्या खुर्चीत माणूस असावा, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रिकाम्या जागांचे ओझे वाहूनही अनेक प्राध्यापक पदरमोड करून बांधावर येतात. दरवर्षी शेवटच्या वर्षाची पोरे-पोरी 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' म्हणून आपल्या गावात येतात, बीजप्रक्रिया दाखवतात, माती नमुना कसा घ्यायचा ते सांगतात. त्यांचे फोटो आम्ही हौसेने छापतो. पण त्या पोरांच्या मागे विषय जाणणारा गुरू हवा. तो नसेल तर पोरे बॅनर लावतात, फोटो काढतात, आणि शेतकऱ्याने एखादा अवघड प्रश्न विचारला की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. दोष त्या लेकरांचा नव्हे.

मग करायचे काय? गावात दोन गुंठे जमीन जरी विकली गेली, तरी फेरफार नोंदवला जातो, चावडीवर नोटीस लागते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मगच नोंद प्रमाणित होते. जमिनीच्या तुकड्याची आपण इतकी काळजी घेतो, तर ज्याच्या हाती बारा वर्षांचा वाण आहे त्या माणसाच्या जाण्या-येण्याची नोंद गावाला का कळू नये? आमच्या साध्या मागण्या आहेत.

पहिली, निवृत्ती अचानक येत नाही. नेमणूक होते त्याच दिवशी निवृत्तीची तारीख सेवापुस्तकात लिहिलेली असते. तेव्हा जाणाऱ्याच्या हाताखाली येणारा माणूस निदान एक पूर्ण हंगाम असावा. शेतातले प्रयोग शेतातच समजावून द्यावेत, नुसत्या किल्ल्या आणि जडवस्तू नोंदवही देऊन कार्यभार पूर्ण झाला असे मानू नये.

दुसरी, दर जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक कृषी महाविद्यालयाने व संशोधन केंद्राने एक साधी यादी काढावी. कोणत्या पिकाला, कोणत्या विषयाला कोण आहे, कोण गेले, त्या जागी कोण आले, कोणती जागा रिकामी आहे आणि फोन कुणाला करायचा. ही काही मेहेरबानी नव्हे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले कलम ४ सांगते की प्रत्येक सार्वजनिक संस्थेने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका स्वतःहून प्रसिद्ध करावी. अशी यादी हाती आली तर तिला या पानावर जागा देऊ, हा आमचा शब्द.

तिसरी, फोन नंबर माणसाचा नको, पदाचा हवा. सर बदलले तरी नंबर तोच राहावा, म्हणजे डायरीच्या मागच्या पानावरचा आकडा ऑगस्टमध्ये मुका होणार नाही.

चौथी मागणी आपल्याकडेच आहे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ती यादी पंचायतीच्या फलकावर लावावी, ग्रामसभेत वाचून दाखवावी. आपल्या भागातल्या कृषी विज्ञान केंद्राची चौकशी करावी. अशा केंद्राचा मंजूर आकृतिबंध १६ जणांचा असतो, त्यात एक प्रमुख आणि सहा विषयतज्ज्ञ. सहांपैकी किती हजर आहेत, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. जागा रिकाम्या असतील तर ग्रामसभेचा ठराव करून विद्यापीठाकडे आणि आमदारांकडे पाठवावा. विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेवर शेतकऱ्यांचेही प्रतिनिधी असतात. मेळाव्यात हार घालून घेण्यापलीकडे त्यांनी या प्रश्नावर तोंड उघडले का, हेही विचारावे. रस्त्यासाठी, नळासाठी आपण ठराव करतो, मोर्चा नेतो. पैदासकाराच्या रिकाम्या जागेसाठी एका तरी गावाने ठराव केला आहे का?

आणि जाता जाता, जे निवृत्त झाले त्यांच्याविषयी. ही माणसे आपल्याच तालुक्यात घर बांधून राहतात. त्यांचे गुडघे दुखत असतील, पण नजर शाबूत आहे. गावाने त्यांना वर्षातून दोन वेळा, पेरणीआधी आणि पीक फुलोऱ्यात असताना, सन्मानाने शिवारफेरीला बोलवावे. शाल आपण त्यांना दिलीच आहे, आता त्यांचे ऐकूनही घ्यावे.

पुढच्या खेपेला मे अखेरीस या पानावर ती चार ओळींची बातमी दिसेल, तेव्हा शेतकरी बंधूंनो, बाजारभावाकडे वळण्याआधी ती पुरी वाचा. गेलेल्या माणसाचे नाव वाचा, आणि त्याच्या जागी कोण आले तेही शोधा. दुसरे नाव सापडले नाही, तर महाविद्यालयात फोन करून विचारा. दोन-तीन वर्षांनंतरच्या तुमच्या पेरणीची चौकशी तिथूनच सुरू होते.