मंदाग्नीची बाजू

डिप या शब्दाला साकोलीत कुणी बिचकायचं कारण नाही. ज्यात काहीतरी बुडवून खायचं ते डिप. पुणेकर ज्याला पिठलं म्हणतात आणि आम्ही बेसन म्हणतो, ते डिप. रोडग्याबरोबरचं वरण डिप. स्वित्झर्लंडचे लोक वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवतात. इटलीत पीडमाँटकडे तेल, लसूण आणि खारवलेले मासे यांचं मिश्रण बारीक ज्योतीवर मेजावरच गरम ठेवतात आणि त्यात भाज्या बुडवतात. बुडवण्याची हौस जागतिक आहे. आम्हा बँकवाल्यांना हे क्रियापद ऐकलं की जरा धस्स होतं, एवढंच.

तेव्हा वाद डिपचा नाही. वाद आहे तो मंद आचेच्या त्या विजेच्या भांड्याचा, म्हणजे स्लो कुकरचा.

"मशीनीतलं बेसन बेसन असते का जी? चव म्हणजे चुलीचीच!" असा निकाल आमच्या हेडकॅशियरसाहेबांनी मागच्या महिन्यात आमच्याच घरी, आमच्याच खुर्चीत बसून, तिसऱ्यांदा बेसन वाढून घेताना दिला. माझं भांडण या चुलीभक्तांशी आहे. यातल्या एकानेही आयुष्यात फुंकणी हातात धरलेली नसते. चव यांच्या जिभेला, धूर दुसऱ्याच्या डोळ्याला!

शिवाय यांना चूलही धड ठाऊक नाही. चुलीला वैल असायचा. पुढे भाकरी थापली जात असताना मागे वैलावर, फुकटच्या आचेवर, वरण तासन्‌तास गरम राहायचं. वैल म्हणजे स्लो कुकरच की, फक्त वायर नसलेला! पुढे गॅस आला, चूल गेली आणि तिच्याबरोबर वैलही गेला. वैलाचं काम मात्र गेलं नाही. ते कुणी करायचं, याची बैठक काही कुणी बोलावली नाही. "वहिनी, जरा गरम करून आणा हो," एवढं म्हटलं की झालं. पंचवीस पाहुणे म्हणजे पंचवीस वेळा गरम. शेवटी वहिनी जेवायला बसतात तेव्हा पातेल्याच्या बुडाशी गार गोळा उरलेला असतो.

अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या गृहस्थांना असल्या भांड्याचं पेटंट 1940 साली मिळालं. लिथुआनियातल्या खेड्यात शनिवारी विस्तव पेटवायचा नाही म्हणून ज्यू बायका आदल्या संध्याकाळीच बेकरीच्या निवत्या भट्टीत हंडी ठेवून येत, हे त्यांनी आईकडून ऐकलं होतं. 1971 साली हेच भांडं 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आलं आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं. पुरुषांनी चवीबद्दल काय कुरकुर केली, याची नोंद माझ्या वाचनात नाही.

भांडं जादूचं आहे असं मी म्हणत नाही. बेसन आधी गॅसवरच शिजवायचं, तेही नेहमीपेक्षा सैल, कारण बसलं की ते घट्ट होतं. उकळतं असतानाच भांड्यात ओतायचं आणि बटण 'वॉर्म'वर फिरवायचं. गार बेसन त्यात तापत ठेवू नये. कोमट अन्नात जंतूंची चैन होते, साठ अंशांच्या वर ती थांबते. अधूनमधून पळीभर आधणाचं पाणी. लसूण-मिरचीची फोडणी अगदी शेवटी, वरून. राजम्याचं डिप करणाऱ्यांनी राजमा भिजवून, ते पाणी टाकून, आधी गॅसवर चांगला खळखळून शिजवावा; त्यातलं विष मंद आचेला दाद देत नाही. आणि वीज गेली तर? झाकण उघडू नका. आतलं जाड भांडं बराच वेळ ऊब धरून राहतं. साकोलीकरांना एवढा धीर सवयीचा आहे.

त्या रात्री भांडं हॉलमध्ये ठेवलं होतं. शेजारी भाकरीचे तुकडे, कांदा, पळी. ज्याने त्याने वाढून घ्यायचं. आमची ही पाहुण्यांत बसून, गरम बेसन खात, माझ्या घोरण्याची नक्कल करत होती. साहेबांनी दोनदा रिकामी वाटी हवेत धरून पाहिली. कुणी उठलं नाही. मग ते स्वतः उठले, आणि तेव्हाच त्यांना चुलीची चव आठवली.

मी म्हटलं, "साहेब, पुढची पार्टी तुमच्याकडे. चुलीवरचंच करा, आम्ही सगळे येतो. फक्त चुलीपुढे तुम्ही बसायचं."

तारीख अजून कळलेली नाही.