कंबरेचा घेर, वॉर्डनिहाय

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या ‘शहरी’ रकान्यात केवळ मुंबई-पुणे नसतात. यवतमाळ जिल्ह्यातले, नगर परिषद असलेले उमरखेडही त्याच रकान्यात बसते. 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या शहरी महिलांपैकी 33.2 टक्के आणि पुरुषांपैकी 29.8 टक्के जणांचे वजन उंचीच्या मानाने जास्त निघाले. खेड्यांत हेच प्रमाण वीस टक्क्यांच्या आत होते. वय आणि घरची सुबत्ता वाढली की ते आणखी चढते. हे सर्वेक्षण जिल्ह्याच्या खाली उतरत नाही, म्हणून उमरखेडचा वेगळा आकडा त्यात मिळणार नाही. तो काढणे हे गावाचेच काम आहे.

शिवाय हे मोजमाप बॉडी मास इंडेक्स 25 च्या पुढचे. भारतीय डॉक्टर धोक्याची रेघ 23 वरच ओढतात, आणि त्याचे कारण पुण्याच्या संशोधनातही दिसते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही इंडेक्स 22.3, दिसायला दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. म्हणजे ‘मी कुठे जाड आहे’ म्हणणाऱ्यानेही कंबरेला टेप लावून पाहावी.

आपल्याकडे वजनवाढीचा दोष माणसाच्या जिभेवर टाकून मोकळे होण्याची सवय आहे. सकाळी आलूबोंडा आणि तर्रीपोहे खाणाऱ्यावर डोळे वटारून काय होणार? याच तालुक्यात ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन पुढे आले. भाकरीची जागा पोळीने घेतली. तेलाचे पाकीट कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळू लागले. नीती आयोगाच्या अहवालानुसार देशात माणशी खाद्यतेल वर्षाला 19.7 किलोवर गेले आहे. आयसीएमआरची शिफारस 12 किलोची. सरकारचा हिशोबही गमतीचा. पंतप्रधान दहा टक्के तेल कमी खा म्हणतात, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून पाकीटबंद शेव-फरसाणावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. सायकलही त्याच दिवशी 5 टक्क्यांत आली, एवढाच काय तो तोल.

पण सायकल चालवायची कुठे? नागपूर-तुळजापूर महामार्ग गावाला लागून जातो. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर, एरवी ट्रक. पहाटे फिरायला निघालेल्या बाया साडीवर स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून, पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर मुरुमावरून एकामागे एक चालतात. मागून हॉर्न आला की रांग नालीकडे सरकते. पुरुषाला निदान मैदान तरी आहे. तिथे सुनेने पदर खोचून चार फेऱ्या मारल्या तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर चर्चा होते. लग्नानंतर ‘तब्येत सुधारली’ म्हणून कौतुक करणारेही हेच लोक. शहरी महिलांचे प्रमाण पुरुषांहून जास्त का, याचे थोडे उत्तर इथेही आहे.

याच तालुक्याच्या जंगलपट्ट्यातल्या बंदी भागात मात्र पोटभर मिळण्याची विवंचना सुटलेली नाही. पोटात असताना उपासमार झालेल्या शरीरावर पुढे चरबी लवकर चढते, हे याज्ञिकांच्याच पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासाचे सांगणे. बंदी भागातून शिकायला किंवा दुकानात नोकरीला उमरखेडला येणारा पोरगा चाळिशीत मधुमेहाच्या गोळ्या घेऊ लागला, तर तो कुणाचा आळस म्हणायचा?

खर्चिक काही करायचे नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशाताईंच्या हाती असंसर्गजन्य आजारांचा तपासणी अर्ज असतोच. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 च्या वर गेली की त्यात गुण वाढतात. एकूण गुण चारच्या वर गेले की माणसाला प्राधान्याने तपासणीला पाठवायचे. हे अर्ज फायलीत न ठेवता, नावे वगळून, वॉर्डनिहाय बेरीज नगर परिषदेच्या सभेपुढे दर तीन महिन्यांनी ठेवावी. टेप अंदाजाने नव्हे, अंगाला लावून फिरवावी. त्यासाठी आशाताईंना वेळ आणि मोबदला द्यावा. महामार्गालगत पदपथ आखावा, मैदानावर पहाटेचे दिवे लावावेत, महिलांसाठी एक वेळ राखून ठेवावी. पुढच्या अर्थसंकल्पात सजावटीच्या कमानीसाठी तरतूद निघते की या दिव्यांसाठी, हे उमरखेडकरांनी सभेच्या इतिवृत्तात शोधावे.