विश्लेषण : झारकालीन रायफल युक्रेन युद्धात कशी?

रशियाने २०२२मध्ये युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा त्याच्या भात्यात हायपरसॉनिक क्षेपणास्त्रे होती. त्याच वेळी रशियाच्या बाजूने लढण्यासाठी दोनेत्स्कमध्ये सक्तीने भरती केलेल्या काही जणांच्या हाती मात्र मोसिन-नागान्त रायफल दिसली. या रायफलीचे मूळ मॉडेल १८९१चे! हे घडले कसे?

ही रायफल आली कुठून?

१८७७मध्ये प्लेव्हना येथे तुर्की सैनिकांनी विंचेस्टर रायफलींतून लागोपाठ गोळ्या झाडल्या. रशियनांना मात्र प्रत्येक गोळीनंतर नवे काडतूस भरावे लागत होते. या धड्यातून सर्गेई मोसिन या रशियन अधिकाऱ्याची रायफल पुढे आली. तिच्यात बेल्जियमच्या नागान्त यांच्या काही कल्पना मिसळल्या. झारने अधिकृत नावात दोघांनाही स्थान दिले नाही. नाव ठरले ‘तीन रेषांची रायफल’. एक रेषा म्हणजे इंचाचा दहावा भाग, तीन रेषा म्हणजे ७.६२ मिमी.

‘बोल्ट अ‍ॅक्शन’ म्हणजे काय?

प्रत्येक गोळीनंतर बोल्टचा दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा. तेव्हा कुठे पुढची गोळी. मॅगझिनमध्ये काडतुसे पाच. आपल्या पोलिसांची ‘थ्री नॉट थ्री’ याच जातकुळीतली. एके-४७समोर ती किती तोकडी पडते, हे मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ रोजी सीएसटी स्थानकात पाहिले.

मग ती टिकली कशी?

खरे उत्तर काडतुसात आहे. सैन्य बंदूक बदलते, पण काडतूस बदलायचे तर कारखाने, गोदामे आणि पुरवठ्याची साखळीही बदलावी लागते. मोसिनसाठी बनलेले ७.६२ बाय ५४ मिमीचे काडतूस सोव्हिएत काळात पीके मशीनगन आणि ड्रॅगुनॉव्ह स्नायपर रायफलीसाठीही कायम ठेवले गेले. भारतीय लष्कराच्या ड्रॅगुनॉव्हमध्येही तेच वापरले जाते. एके-४७ आल्यावर मोसिन मागे पडली. पण कोट्यवधींच्या संख्येने बनलेल्या या रायफली गोदामांत राहिल्या आणि त्यांच्या गोळ्यांचे उत्पादन थांबले नाही.

त्यामुळे भरती घाईची आणि आधुनिक शस्त्रे अपुरी असली, की गोदामातून बाहेर काढायला मोसिन तयारच असते. दोनेत्स्कमध्ये भरती झालेल्यांत विद्यार्थीही होते. यातल्या काहींना हीच रायफल देऊन मारिउपोलजवळ पाठवण्यात आले.