कलासंग्रहालय, व्हीलचेअर आणि दिवसभर न प्यायलेले पाणी

थंडी वाजून ताप आणि गढूळ लघवी अशी तक्रार घेऊन माझ्या एक जुन्या रुग्ण आल्या. निवृत्त चित्रकला शिक्षिका. अपघातात मज्जारज्जूला इजा झाल्यापासून त्या व्हीलचेअर वापरतात. पाणी किती पिता, असे विचारले तर म्हणाल्या, "डॉक्टर, परवा चित्रं बघायला गेले होते ना, त्या दिवशी प्यायलेच नाही."

शहरातल्या एका खासगी समकालीन कलासंग्रहालयात त्या गेल्या होत्या. रविवारी मी स्वतः मोजपट्टी घेऊन तिथे गेलो. (पत्नीने हात जोडले!) दारात चार पायऱ्या, म्हणजे दोन फूट चढ. १ फूट चढायला १२ फूट उतार लागतो, म्हणजे रॅम्प २४ फुटांचा हवा. होता १० फुटांचा. "आम्ही उचलतो ना," सुरक्षारक्षक म्हणाला. अपंगांच्या स्वच्छतागृहात बादल्या, मॉप आणि मोडके स्टँड.

आता हे नीट समजून घ्या. मज्जारज्जूच्या अनेक रुग्णांना मूत्राशय भरल्याचे कळत नाही. दर ४ ते ६ तासांनी स्वतः नळी घालून ते लघवी काढतात. त्यासाठी स्वच्छ, बंद जागा लागते. ती मिळणार नाही म्हणून ते पाणी तोडतात, नळी लांबवतात. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, मुतखडे होतात. इजा छातीच्या मध्याच्या वर असेल तर तुंबलेल्या मूत्राशयामुळे रक्तदाब एकदम चढतो, डोके फुटेल असे दुखते. ही तातडीची अवस्था आहे, जीवही जाऊ शकतो.

व्यवस्थापक म्हणाले, "असे लोक आमच्याकडे फारसे येत नाहीत." कसे येतील? कॅनव्हास खराब होऊ नये म्हणून दालनातली आर्द्रता चोवीस तास मोजतात, आणि बघायला आलेल्या माणसाच्या मूत्राशयाचा विचार कोणी करत नाही! "खासगी संस्था आहे" हे उत्तरही चालणार नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, आणि कायद्याने दिलेली दोन वर्षांची मुदत २०१९ मध्येच संपली. रॅम्पला खर्च येईल, मान्य. बादल्या हलवायला काय खर्च येतो?

बाहेर पडण्याआधी फोन करा. "स्वच्छतागृह आहे का?" एवढेच विचारू नका, "दार उघडून बघून सांगा, खुर्ची आत वळते का?" असे विचारा. नाही म्हणाले तर लेखी तक्रार करा, पण पाणी तोडू नका. थंडी वाजून ताप आला तर घरी गोळ्या घेत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.