सही नको, साक्ष द्या

"तूच लिहून आण, मी सही करतो."

आपल्या कॉलेजांतून हे वाक्य रोज बोललं जातं. ते बोलणारा वाईट माणूस नसतो. बहुतेक वेळा तो आपलाच असतो. त्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो असतो, चौदा एप्रिलला तो भाषण ठोकतो, एखाद्या पोराची फी कमी पडली तर गुपचूप खिशात हात घालतो. तरीही मी म्हणतो, हे वाक्य आपल्या पोरांच्या मुळावर आलेलं आहे.

मी हे वर बसून बोलत नाही. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी मास्तर आहे, आणि हे वाक्य मी स्वतः बोललो आहे. तेव्हा हा लेख म्हणजे आरोपपत्र समजा. पहिला आरोपी मीच.

माझ्याकडं एक मुलगी एम.ए.ला होती. अर्थशास्त्र घेऊन. बौद्ध वस्तीतली. आईबाप कोयत्यावर. दसरा झाला की मुकादमाच्या ट्रकमध्ये संसार भरायचा, कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात जायचं, कोपीत राहायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. पोरगी आजीजवळ राहून शिकली. तिनं प्रबंधाला विषय घेतला तो तिच्याच वस्तीचा: उचल आणि ऊसतोड बायांचं दुखणं. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याची गोष्ट देशभर गाजली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली, तपासणीत तेरा हजारांवर बाया पिशवी काढलेल्या निघाल्या. सगळे डॉक्टरांवर तुटून पडले. या पोरीनं मात्र एक साधा प्रश्न विचारला: ऑपरेशनचे पैसे आले कुठून? ती ४३ घरं फिरली. मुकादमाच्या वहीतल्या आकड्यांशी बायांनी तोंडी सांगितलेला हिशोब ताडून पाहिला. तिच्या हाती लागलं ते हे, की ऑपरेशनचा खर्च पुढच्या हंगामाच्या उचलीत चढतो. म्हणजे बाई पिशवीही गमावते आणि पुढच्या साली कोयत्याला बांधलीही जाते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं ते स्वतः शोधलं.

परदेशातल्या एका विद्यापीठात पुढं शिकायला तिनं अर्ज केला. दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागत होती. डिसेंबरचा महिना. आईबाप फडात, मी नॅकच्या फायलीत. ती दारात उभी राहिली. म्हणाली, "सर, एक काम होतं." मी मान वर न करता ते वाक्य बोललो.

दोन दिवसांनी तिनं लिहून आणलं. मी सही केली. काय होतं त्या पत्रात? विद्यार्थिनी गरीब आहे, होतकरू आहे, कष्टाळू आहे, आज्ञाधारक आहे, तिची वर्तणूक चांगली आहे, तिला उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. बस्स. ४३ घरं नाहीत, उचल नाही, वही नाही, शोध नाही. नकार आला. माझ्या पत्रामुळंच आला असं मी म्हणणार नाही, तिकडचे लोक कारण कळवत नाहीत. पण जो कागद मी पाठवला त्यात ती मुलगी नव्हतीच, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

नंतर ती आली आणि एकच विचारलं, "सर, तुम्ही माझा प्रबंध वाचला होता का?"

नव्हता वाचला. त्याच्यावरही मी नुसती सहीच केली होती.

मित्रांनो, आता हे वाक्य काय करतं ते नीट बघा. "तूच लिहून आण" असं शहरातल्या प्राध्यापकाच्या पोराला सांगितलं तर त्याचं काही बिघडत नाही. त्याचा काका परदेशात असतो, बहीण तिथं शिकलेली असते, ती रात्रीतून कागद करून पाठवते. आपल्या पोराच्या घरात असं पत्र कुणी कधी पाहिलेलंसुद्धा नसतं. तो मोबाईलवर नमुना शोधतो, त्यातली विशेषणं उचलतो. दोन्ही पत्रं एकाच हातानं लिहिलेली, एकाच छापाची. तिकडं वाचणारा शेकडो पत्रं वाचतो. त्याला काय कळत नसेल?

आणि याहून मोठी गोष्ट. ज्यांच्या पणज्यानं वेशीवर वाकून जोहार घातला, ज्यांना मान वर केली म्हणून मार खावा लागला, त्यांच्या लेकराला आपण म्हणतो: बस, आता स्वतःची तारीफ लिही, आणि तीही इंग्रजीत! त्याचा हात कसा चालणार? लाज वाटून तो स्वतःला 'कष्टाळू' लिहितो. 'आज्ञाधारक' लिहितो. कारण गावानं आपल्याला द्यायचे ते एवढेच दोन दाखले दिले.

'गरीब' हा शब्द तर पहिला खोडा. गरिबी ही काय तिची कमाई आहे? तिची कमाई म्हणजे तो ४३ घरांचा हिशोब. गरिबी लिहायचीच असेल तर कामाच्या हिशोबानं लिहा: ही मुलगी हंगामाच्या सहा महिन्यांत धाकटी भावंडं सांभाळून शिकली, म्हणून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी मार्क घसरले, आणि तिसऱ्या वर्षी ती वर्गात पहिली आली. याला पुरावा म्हणतात. नुसतं 'गरीब' म्हणणं म्हणजे कटोरा पुढं करणं. आणि 'आज्ञाधारक'? मुकादमाच्या वहीला खोटं पाडणारी पोरगी आज्ञाधारक कशी?

काही कार्यकर्ते म्हणतील, शिफारस म्हणजे वशिला, आणि वशिल्याविरुद्ध तर आपली लढाई. थांबा. वशिला अंधारात चालतो, तो नातं सांगतो, काम सांगत नाही. साक्ष उजेडात उभी राहते. मी पाहिलं, मी वाचलं, मी तपासलं, आणि मी नावानिशी सांगतो. आपल्यावरचे अत्याचाराचे खटले कोर्टात कशानं पडतात? साक्षीदार उभे राहत नाहीत म्हणून. मग आपल्याच लेकराच्या बाजूनं साक्ष द्यायची वेळ आली तर आपण कोरा कागद का देतो?

बाबासाहेबांचंच बघा. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आधी बागेत बसून वाचणारा पोरगा पाहिला, त्याच्याशी बोलले, त्याला पुस्तकं दिली. पुढं इंटरनंतर पैशाची अडचण आली तेव्हा त्यांनी सयाजीराव गायकवाडांकडं शब्द टाकला, आणि बडोद्याची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. आधी पाहिलं, मग शब्द टाकला. १९१३ ला बाबासाहेब कोलंबियाला गेले. १९१६ ला तिथून लंडनला निघाले तेव्हा प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिलं. याच सेलिग्मननी १९२५ साली बाबासाहेबांच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या ग्रंथाला प्रस्तावना दिली. म्हणजे हा मास्तर नुसती सही करणारा नव्हता, वाचणारा होता.

आणि एडविन कॅनन? १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरच्या ग्रंथाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. तिच्यात ते सरळ सांगतात, की या लेखकाची बरीच मतं मला मान्य नाहीत. पण जिथं तो मला चुकलेला वाटतो तिथंसुद्धा त्याच्या विचाराला ताजेपणा आहे, असंही सांगतात. याला म्हणतात शिफारस! असहमत होण्याएवढं वाचलेलं आहे, याचा तो पुरावा आहे. आमच्या 'होतकरू' आणि 'सुस्वभावी'ची सगळी बंडलं त्या एका असहमतीपुढं रद्दी आहेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यातल्या एका कॉलेजावर आरोप झाला, की लंडनला नोकरी लागलेल्या आपल्या एका पोराच्या शिक्षणाची खातरी त्यांनी करून दिली नाही. कॉलेजानं आरोप नाकारला. आपण खवळलो, बरोबर खवळलो. पण जो देत नाही त्याच्यावर खवळणं सोपं आहे. जो पोकळ देतो, हसून देतो, आणि 'जयभीम' म्हणून देतो, त्याला कोण विचारणार? सुखदेव थोरात समितीनं २००७ साली दिल्लीच्या एम्सचा अहवाल दिला. त्यात शेकडा ६९ दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी सांगितलं, की मास्तरांकडून पुरेशी मदत मिळत नाही. तिथले मास्तर बहुतेक त्यांचे होते. इथं तर मी आहे, तुम्ही आहात.

दारं आधीच थोडी आहेत. राज्याच्या राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीत अख्ख्या महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींना वर्षाला ७५ जागा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत १२५, पैकी ११५ अनुसूचित जातींच्या. २०२२ साली केंद्रानं नियम केला, की भारताची संस्कृती, इतिहास आणि इथल्या समाजाचा अभ्यास या विषयांना ती मिळणार नाही. म्हणजे आपल्या पोरीनं स्वतःच्या वस्तीवर संशोधन करायचं म्हटलं की ते दार बंद. २०२५ ला १०६ जण निवडले आणि पहिल्यांदा फक्त ४० जणांना पत्रं दिली, बाकीच्यांना निधीचं कारण सांगून थांबवलं. याविरुद्ध मोर्चे काढायचेच आहेत. पण शिष्यवृत्तीच्या आधी विद्यापीठाचा प्रवेश लागतो, आणि प्रवेशाला आपल्या हातातला हा एक कागद लागतो. त्याला ना सरकारची परवानगी लागते ना निधी. तोही आपण पोकळ द्यायचा?

आमच्या कॉलेजाच्या लेटरहेडवर खाली छापलेलं असतं: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न. ही ओळ फुकट आलेली नाही. १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत ती मिळवायला गेली. वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळे गेले, गौतम वाघमारे गेले. त्या ओळीच्या वर आम्ही न वाचता सही ठोकतो. शरम वाटली पाहिजे. मला वाटते.

म्हणून कार्यकर्त्यांनो, नुसतं वाचून घडी घालू नका. हे करा:

१. ज्याला पुढं शिकायला जायचं आहे त्यानं दोन महिने आधी मास्तरांकडं जावं. सोबत निबंध, प्रबंध, मार्कलिस्ट, अर्जातलं मनोगत आणि केलेल्या कामाचं एक पान द्यावं. पत्राचा मसुदा देऊ नये.

२. "तूच लिहून आण" म्हटलं तर नम्रपणे सांगावं: सर, टिपणं माझी, पत्र तुमचं. नाहीच ऐकलं तर दुसरा मास्तर गाठावा. मोठ्या पदाच्या अनोळखी सहीपेक्षा ओळखणाऱ्या साध्या मास्तराचं पत्र भारी.

३. मास्तरांनी लिहावं: किती वर्षं ओळखतो, कुठं शिकवलं, त्यानं केलेलं एक काम सविस्तर, आणि आजवर शिकवलेल्यांत त्याची जागा कुठं. इंग्रजी कच्चं असेल तर आधी मराठीत लिहावं, मग कुणाकडून नीट करून घ्यावं. गरिबीच्या ओळी कमी, कामाच्या ओळी जास्त.

४. कॉलेजानं मास्तरांना कॉलेजाच्या नावाचा ईमेल द्यावा. बरीच विद्यापीठं खाजगी ईमेलवरून आलेलं पत्र संशयानं बघतात. यासाठी प्राचार्यांना निवेदन द्या. निवेदनं द्यायला आपण कुणाच्या बापाला भीत नाही.

५. प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. मुकादम ठेवतो तशी. फक्त हिच्यात उचल लिहायची नाही, कोणत्या पोरीनं काय वाचलं, काय लिहिलं, काय शोधलं ते लिहायचं. मास्तर विसरला तर वही पुढं करा.

मी तिचा प्रबंध आता वाचला. ११२ पानं. दोन ठिकाणी तिचं म्हणणं मला पटत नाही. तेही पत्रात लिहिलं आहे. तीन रात्री लागल्या. ती परत अर्ज करील की नाही ते तिचं ती ठरवील, मागायचं तोंड मला नाही. पत्र तयार आहे, एवढंच तिला कळवलं.

तुम्ही मात्र थांबू नका. उद्या कॉलेजात जा. आमच्यासारख्यांच्या टेबलासमोर उभे राहा. सही मागू नका. आधी विचारा: सर, वाचलंय का?

जयभीम.